देवगडची होडी आणि पिकअपचे फुगे

कोकणातून आलो म्हटलं की लोक विचारतात, किल्ला पाहिला का, समुद्रात डुंबलात का. आम्ही पाच दिवस गेलो होतो आणि यातलं काहीच केलं नाही. खाडीत डुंबली ती आमची पिकअप, आणि तीही मागच्या बाजूनं. ती का डुंबली हे सांगायचं तर आधी घरापासून सुरुवात करावी लागेल.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला. ऊस चांगला येतो आणि पाणीही चांगलं येतं. मागच्या पुरात माझी आई आणि बायको सुनंदा घराच्या स्लॅबवर दीड दिवस बसून होत्या. मी गुळाचं भाडं घेऊन कोल्हापुरात गेलो होतो, रस्ते बंद झाले आणि तिकडंच अडकलो. सुटकेची बोट आली, पण एका बोटीला चार गावं. आमच्या आळीची पाळी आली ती दुसऱ्या दिवशी. पाणी घरात शिरलं तेव्हा आई दुपारची पडली होती. तेव्हापासून ती दुपारी डोळा मिटत नाही. मे महिना सरत आला की कागदपत्रं, औषधं आणि दोन लुगडी यांचं गाठोडं बांधून उशाशी ठेवते आणि दिवाळीपर्यंत ते सोडत नाही. मी तिथं नव्हतो, ही गोष्ट मला अजून खाते.

यंदा गावानं ठरवलं की आपली स्वतःची बोट हवी. देवगडला एकजण आपली जुनी फायबरची होडी विकायला काढतोय असं कळलं. गावातल्या वेल्डरनं ट्रेलर बांधून दिला. आणायला कोण जाणार, तर ज्याच्या पिकअपला मागं ट्रेलर ओढायचा हूक आहे तो. म्हणजे मी. सुनंदा म्हणाली, "म्या बी येनार. बोट बघून घेनार. बसायचं आमाला हाय, तुमाला न्हाई. मागच्या येळंला बी तुमी नव्हता." तिची पिशवी गाडीत ठेवली.

फोंडा घाट, मग नांदगाव

राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाटाच्या तोंडाशी आलो तेव्हा दहा वाजले होते. मागं रिकामा ट्रेलर भांड्यांच्या हातगाडीसारखा वाजत होता. सीटमागं एक खोकं होतं. त्यात दोन रबरी फुगे, हवेची नळी आणि विटेएवढा एक कॉम्प्रेसर. गाडीच्या मागच्या एक्सलवर, स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला हे फुगे बसवायचे. मागं ओझं पडून गाडीचं बूड खाली गेलं की केबिनमधलं बटण दाबायचं, कॉम्प्रेसर हवा भरतो आणि बूड पुन्हा वर येतं. वेल्डरच म्हणाला होता, होडीचं वजन हुकावर पडलं की तुमची गाडी बसेल. मी खोकं विकत घेतलं, पण कोल्हापुरातल्या गॅरेजवाल्यानं तीन आठवडे मला उद्या या म्हणून सांगितलं. शेवटी न बसवताच निघालो. रिकामा ट्रेलर उतरायला काय लागतंय, असा माझा हिशेब होता. येताना तो भरलेला असेल हे मला ठाऊक होतं, पण माणूस उतारावर असला की चढाचा विचार करत नाही.

नांदगावला हायवेवर चहाला थांबलो. हॉटेलात घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी मिळाली. सुनंदानं घावणा उचलून उजेडाला धरला, त्याची जाळी निरखली आणि म्हणाली, "आपल्या धिरड्याचं हे शाळा शिकल्यालं पोरगं हाय." चार खाल्ले. आमच्याकडं हॉटेलात बसलं की पहिल्या पाच मिनिटांत शेजारच्या टेबलावरचा माणूस गाव, ऊस आणि पाहुणे विचारून घेतो. इथं कुणी काही विचारलं नाही. निघताना मात्र मालकानं ट्रेलरकडं बघून एवढंच म्हटलं, "होडी न्हेवक इल्यात? पाट्यांचा काय ता बगा हां." मी हसून मान हलवली.

देवगड

होडीचे मालक हरी तांडेल साठीचे होते, अंगानं काटक आणि बोलायला सावकाश. खांदा दुखतो म्हणून त्यांनी लहान होडी विकायला काढली होती. त्यांनी पहिला प्रश्न केला, "कित्याक व्हयी? मासे मारूक?"

"माणसं काढायला," सुनंदा म्हणाली. "पुरातनं."

तांडेलांनी होडीचा दोर सोडला. मग म्हणाले, "मगे पाण्यात बसान बगा. सुक्यात बगून होडी घेवची नसता."

खाडीत एक फेरी मारली. सुनंदानं दोन्ही हातांनी फळी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. पूर आल्यापासून ती नदीच्या घाटावरसुद्धा गेली नव्हती. तांडेलांनी ते पाहिलं आणि मुद्दाम एका बाजूला उभे राहिले. होडी थोडी कलली आणि स्थिर झाली. "बगितल्यात? ही बसकी आसा. सहजासहजी उलटणा नाय." सुनंदानं एक हात सोडला. थोड्या वेळानं दुसराही सोडला. किनाऱ्याला आल्यावर मला एवढंच म्हणाली, "हीच घ्यायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाबारा माणसांनी 'होय्या' करत होडी ट्रेलरवर चढवली. आम्ही सगळ्यांचे आभार मानून ऐटीत निघालो आणि ती ऐट जामसंड्याच्या चढापर्यंतसुद्धा टिकली नाही. हुकावर वजन पडल्यावर गाडीचं बूड खाली गेलं आणि पुढची चाकं हलकी झाली. स्टिअरिंग लोण्यात घातल्यासारखं फिरत होतं आणि गाडी ऐकत नव्हती. "आवो," सुनंदा म्हणाली, "मला रस्ता दिसंना. नुसतं आभाळ दिसतंय." पहिल्याच गतिरोधकावर हूक रस्त्याला घासला आणि मागून असा आवाज आला की आंब्यांच्या पेट्या भरणाऱ्या बायका काम टाकून रस्त्यावर आल्या. एका वळणावर ट्रेलर डावीउजवीकडं झुलायला लागला, तेव्हा मी गाडी बाजूला घेतली. फोंडा घाट अजून पन्नासेक किलोमीटर पुढं होता आणि या गाडीनं मी तो चढू शकत नव्हतो, हे मला स्वच्छ कळलं. होडीशिवाय परत जायचं, तर आईच्या गाठोड्याकडं कुठल्या तोंडानं बघणार होतो?

तांडेल स्कूटरवरून आम्हाला जामसंड्यापर्यंत पोचवायला आले होते. त्यांनी सगळं बघितलं, आणि सीटमागचं खोकंही बघितलं. "ह्या आणलास आणि लावक नाय?" त्यांनी विचारलं. मी कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याची गोष्ट सांगायला लागलो. ते म्हणाले, "चला, बाबी मेस्त्रीकडे."

जामसंडे

बाबी मेस्त्री होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. गाड्यांचं काम ते आवडीनं करतात, पण गाडीकडंही होडी म्हणूनच बघतात, हे मला हळूहळू कळलं. चिऱ्याच्या भिंतीची शेड, बाहेर विहीर, आणि सगळीकडं पिकत घातलेल्या हापूसचा वास. त्यांनी ट्रेलर सोडवला, रिकाम्या गाडीच्या मागं उकिडवे बसले आणि चाकाच्या मध्यापासून बॉडीच्या कडेपर्यंत विती घातल्या. "दोन विती, चार बोटां," ते म्हणाले आणि ते खडूनं भिंतीवर लिहिलं. होडीचा ट्रेलर जोडल्यावर हवा भरून गाडी पुन्हा याच मापाला आणायची, यापेक्षा वर नाही. आणि होडी उतरली की आधी हवा सोडायची, नाहीतर गाडी बेडकासारखी उडत जाईल.

हातातलं इंजिन पुरं करून ते तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीला लागले आणि दुपारी एकपर्यंत एका बाजूचा फुगा बसला. मला वाटलं आता चारपर्यंत सगळं होईल आणि आपण निघू. मेस्त्रींनी पान्हा खाली ठेवला, हात धुतले.

"आता जेवण, आणि मगे वायच आड पडतंय. चारांका बगूया."

"मेस्त्री, आमाला घाट गाठायचाय."

"घाट काय पळान जाणा नाय."

आमच्याकडं दुपारी झोपणारा माणूस एकतर आजारी असतो नाहीतर जावई असतो. इथं सगळं गाव एकाच वेळी झोपलं. मी शेडमध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. सुनंदानं मात्र मेस्त्रींच्या घरी बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात पोटभर जेवून ओटीवर चटई टाकली. चार वाजता मेस्त्री ताजेतवाने होऊन आले आणि दोन तासांत दुसरा फुगा, नळ्या आणि हवेचा दाब दाखवणारा काटा असं सगळं बसवलं. मान्य करायला हवं, सकाळपेक्षा हात भराभर चालत होता.

भांडण झालं ते कॉम्प्रेसरवरून. खोक्यातल्या कागदावर चित्र होतं, त्यात कॉम्प्रेसर गाडीच्या खाली चासीला लावलेला. मेस्त्रींनी तो केबिनमध्ये सीटमागं, उंचावर पट्टी ठोकून लावला आणि हवा आत ओढायची नळी थेट टपापर्यंत नेली.

"आवो, ह्यो कानात भुंगा घातल्यासारका वाजनार," मी म्हणालो. "चित्रात खाली हाय."

"चितरातली गाडी सुक्या रस्त्यार आसा. तुमची खंय जातली?"

"माझी बी रस्त्यावरनंच."

"आणि पुरात होडी सोडतालात ती खंय? अंगणात? ट्रेलर पाण्यात घालूचो लागतलो. पाणी खंयसून येता? खालसून. खाली ठेवल्यात तर ता हवा वढतला काय पाणी?"

मला पटलं नव्हतं. मनात म्हटलं, गावाकडं गेल्यावर काढून खाली लावीन. मी फक्त घाटाचा विचार करत होतो. होडी नेतोय कशासाठी, हे माझ्यापेक्षा त्या माणसाच्या ध्यानात जास्त होतं, आणि ते कबूल करायला मला अजून एक दिवस लागला.

बंदराचा उतार

होडीसकट ट्रेलर पुन्हा जोडला, हवा भरली, भिंतीवरचं माप बरोबर जुळलं. गाडी सपाट उभी राहिलेली बघून मला इतकं बरं वाटलं की मी लगेच किल्ली फिरवली. मेस्त्री आडवे आले. "थांबा. अजून पाण्यात घातलंय खंय?"

हे मी प्रथम विनोदच समजलो. आमच्याकडं हवा गळते का हे साबणाच्या फेसानं बघतात. मेस्त्रींच्या धंद्यात नवीन काम झालं की ते पाण्यात उतरवल्याशिवाय पुरं होत नाही, मग ते इंजिन असो की होडी. पिकअपलाही त्यांनी सूट दिली नाही. "बुडबुडे दिसले तर गळता. नाय दिसले तर खुशाल जावा." चौथ्या दिवशी सकाळी भरतीची वेळ धरून आम्ही होडीसकट बंदराच्या उतारावर गेलो. वजन म्हणून तांडेल आणि सुनंदा होडीत बसले. मी रिव्हर्स टाकून ट्रेलर खाडीत घातला आणि मागची चाकं बुडेपर्यंत गाडीही घातली. माझी स्वतःची, हप्ते फेडलेली गाडी.

बुडबुडे दिसले. डाव्या फुग्याच्या नळीपाशी बारीक माळ वर येत होती. मेस्त्री कमरेएवढ्या पाण्यात पान्हा घेऊन उतरले आणि चाचपडत जोड आवळायला लागले. एकदा आवळला, बुडबुडे थांबेनात. काढून पुन्हा पांढरी टेप गुंडाळली, पुन्हा आवळला. या सगळ्यात भरती काही थांबलेली नव्हती. मी आरशात बघितलं तर पाणी गाडीच्या मागच्या फाळक्याला लागलं होतं आणि सायलेन्सर हुक्क्यासारखा गुडगुडत होता. पहिला गिअर टाकून गाडी पुढं घेतली. चाकं शेवाळावर जागच्या जागी फिरली आणि गाडी पुढं जायच्याऐवजी हातभर मागं सरकली.

तेव्हा मी खरोखर घाबरलो. मागं पाण्यात सुनंदा बसलेली, आणि मी पुन्हा एकदा काठाच्या बाजूला.

"हवा भरा," मेस्त्री पाण्यातून म्हणाले. "भरा, थांबू नकात."

मी बटण दाबलं. कानामागं भुंगा गरगरायला लागला आणि गाडीचं बूड बोटबोट करत वर आलं. सायलेन्सरचं तोंड पाण्याबाहेर निघालं, गुडगुड थांबली, इंजिन मोकळं वाजायला लागलं. कॉम्प्रेसर माझ्या म्हणण्याप्रमाणं खाली असता तर एव्हाना खाडी पीत बसला असता.

मागं तांडेलांचा आवाज आला, अगदी शांत. "गो बाय, ही आता तरंगता. पुढच्या पट्ट्याचो हूक काढ. मागचो मी काढतंय."

आरशात मला सुनंदाची पाठ दिसत होती. ती उठली, होडीच्या टोकाशी गेली, वाकली. पट्टा ताणलेला होता, पहिल्यांदा निघाला नाही. तिनं पाय रोवून पुन्हा ओढला आणि हूक निघाला. होडी ट्रेलरवरून अलगद उठून मागं पाण्यात सरली, दोघांना घेऊन. काठावर बघायला जमलेल्यांपैकी दोघांनी चाकांखाली नारळाचे झाप सारले आणि गाडीला दोरखंड लावून ओढला. रिकामा ट्रेलर घेऊन गाडी एका दमात वर आली.

मी खाली उतरून मेस्त्रींसमोर उभा राहिलो. ते ओल्या लुंगीचं पाणी पिळत होते.

"बुडबुडे थांबले," ते म्हणाले. "काम झाला."

सुनंदा होडीतून उतरली. गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि हसत होती. "समद्यास्नी शिकवाया पायजे ह्ये," ती म्हणाली. "गाडी कशी घालायची, बोट कशी सोडायची. पुरात कोन शिकवनार?" मला एकदम ध्यानात आलं की ज्याला मी फजिती समजत होतो, ती आमची तालीम होती आणि ती पार पडली होती. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या उतारावर कळलं.

मग खारं पाणी लागलेल्या गाडीला मेस्त्रींच्या विहिरीवर नेऊन तासभर गोड्या पाण्यानं धुतलं. त्या दिवशी दुपारी मीही ओटीवर आडवा झालो. कुणी चिडवलं नाही.

परतीचा चढ

पाचव्या दिवशी पहाटे होडी पुन्हा ट्रेलरवर चढवली. निघताना तांडेलांनी होडीपुढं नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. इथं कुठलंही काम त्याशिवाय सुरू होत नाही. घरातला वडीलधारा देवाला मोठ्यानं सगळं सांगतो आणि बाकीचे हुंकार देतात.

"बा देवा म्हाराजा, माझी होडी आज घाटार जाता हा. तेंच्या गावाक हिचा काम पडाक नये म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि पडलाच तर ही कमी पडाक नये म्हाराजा."

"होय म्हाराजा," आम्ही दोघंही म्हणालो. आमच्याकडं नवीन वस्तूला चांगलं काम कर म्हणून हळदकुंकू लावतात. तिचं काम न पडो असं मागणं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते फार पटलं. तांडेलांनी होडीच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि मागं न बघता स्कूटर चालू केली.

फोंडा घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश चढलो. स्टिअरिंग हाताला जड लागत होतं आणि त्या जडपणाचा मला आनंद होत होता. दर थांब्याला सुनंदा उतरून विती घालायची. "दोन वीत, चार बोटं. चला." तिची वीत मेस्त्रींपेक्षा लहान आहे, पण मी ते बोललो नाही, कारण गाडी सपाट दिसत होती. दाजीपूरला वर पोचलो तेव्हा गाडी बाजूला घेऊन मी दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. सुनंदानं हापूस कापला. रस कोपरापर्यंत ओघळत आम्ही तो खाल्ला.

गावात पोचलो ते दुपारी अडीचच्या सुमाराला. आळीतल्या माणसांनी होडी उतरवून आमच्या अंगणात लाकडांवर ठेवली. बेडकासारखं उडायला नको म्हणून मी आधी हवा सोडली. लांब उसासा टाकावा तसा आवाज झाला आणि गाडीचं बूड आपल्या जागी बसलं.

आई दारात उभी होती. होडीभोवती एक फेरी मारली, कड दाबून बघितली. सुनंदानं तिला पट्ट्याचा हूक कसा काढायचा ते दाखवलं. आईनं तो स्वतः दोनदा काढून बघितला, दोनदा लावला. मग आत गेली आणि उशाशी ठेवलेलं गाठोडं घेऊन आली. ते तिनं होडीतल्या फळीखाली सारलं.

"हितंच असू दे," ती म्हणाली.

लोक चहा पिऊन पांगले. मी हातपाय धुऊन आत गेलो, तर आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. दुखतंय का काय म्हणून मी वाकून बघितलं. उन्हं अजून ओसरीवर होती आणि ती गाढ झोपली होती.